स्वसंरक्षणासाठी भारतातही अमेरिकेसारखी बंदूक सहज मिळायला हवी का? परवाने खुले केले तर गुंडांना वचक बसेल. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांना काय वाटतं?

आमच्या घरी आहे. एकच, ठासणीची (नळीत दारू ठासून भरायची), आजोबांच्या नावावरची आप्पांच्या नावावर आलेली. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून आमचं शिवार. रताळी, भात, थोडा ऊस. त्यामुळे तुमच्या प्रश्नातलं 'स्वसंरक्षण' आमच्याकडे रानडुकरांपासून असतं, चोरांपासून नाही.

परवाने खुले केले तर गुंडांना वचक बसेल, असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. पण तुमची बाजू अगदीच पोकळ आहे असंही नाही.

हत्याराला परवाना लागण्याचा कायदा मुळात इंग्रजांच्या भीतीतून आला, हे खरंच. १८५७ मध्ये हत्यारं जमा करा असा हुकूम निघाला तेव्हा मुधोळजवळच्या हलगली गावच्या बेडर समाजाने तो धुडकावला. गाव जाळलं गेलं, माणसं फासावर गेली. कन्नडमध्ये त्याची लावणी अजून गातात. पुढे १८७८ चा कायदा आला, ज्याच्यावर गांधीजींनीही कडक टीका केली आहे. आजचा १९५९ चा कायदा स्वतंत्र भारताचा असला तरी त्यात हत्यार हा हक्क नाही, सरकारने दिलेली परवानगी आहे. अमेरिकेत उलटं: १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत तो हक्क लिहिलाय, आणि घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क असल्याचं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. आणि आपल्याच कर्नाटकात कोडगूच्या (कूर्गच्या) कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून. कैलपोद सणाला ते बंदुकीची पूजा करतात. म्हणजे बंदूक दिसली की रक्तच सांडतं असं काही नाही.

आता आमचं ऐका. नूतनीकरणाचा अर्ज कन्नडमध्ये, साहेब कन्नडमध्ये, आणि आप्पांचं कन्नड बाजारापुरतं. पोलीस अहवाल, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस, परत पोलीस. एवढं करून हातात येतं काय? डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. गव्यावर बार टाकला तर सरळ तुरुंग. म्हणून आम्ही हवेत बार काढतो, बस्स. आणि परवान्याला हद्द असते. बांधापलीकडे महाराष्ट्र. रताळी उकरून डुक्कर पलीकडे गेलं की आमची बंदूक बांधावर उभी. सीमाप्रश्न डुकरांना लागू नाही.

निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. २०२४ ला १६ मार्चला आचारसंहिता लागली, ७ मेला आमच्याकडे मतदान झालं आणि ४ जूनला निकाल. जवळजवळ तीन महिने बंदूक घरात नव्हती. आसपासच्या इतरांच्याही नव्हत्या. त्या काळात दरोडा पडला नाही की कुणी कुणाला धमकावलं नाही. उसाची नासाडी मात्र भरपूर झाली.

तुम्ही म्हणाल, गुंडाकडे असतेच की. असते. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे भारतात लोकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका आहेत, त्यातल्या नोंदलेल्या एक कोटीसुद्धा नाहीत. उरलेल्या बिननोंदीच्या, त्यात गावठी कट्टे आणि पिस्तुलंही आली. पण मला सांगा, माझ्या घरात आणखी एक बंदूक आली म्हणून कट्टा बनवणाऱ्याची भट्टी कशी विझेल? २०१५ साल आठवा. १६ फेब्रुवारीला कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे सकाळी पत्नीबरोबर फिरून परत येत होते, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ३० ऑगस्टला धारवाडमध्ये कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या घरीच गोळी घातली. एक गाव आमच्या उत्तरेला, दुसरं दक्षिणेला, बेळगाव मधोमध. दोन्हीकडे ७.६५ मिलिमीटरचं देशी पिस्तूल. सकाळी दाराशी आलेल्या माणसाला आपण 'या' म्हणतो. त्या वेळी कपाटातली परवान्याची बंदूक काय कामाची? वचक बसवायचाच असेल तर तो पिस्तूल बनवणाऱ्यावर आणि पोचवणाऱ्यावर बसवायला हवा. २०१९ च्या दुरुस्तीत बेकायदा हत्यारं बनवण्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली आहे. परवानाधारकाला मात्र तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या. आमच्याकडे दुसरीचाच पत्ता नाही, त्यामुळे आमचं काही बिघडलं नाही.

पण बंदुका सहज मिळू नयेत असं मला वाटण्याचं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते मला उशिरा कळलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पावसाने आमच्याकडे काय केलं ते इकडच्यांना सांगायला नको. भात कुजलं, रताळ्याच्या वेली मातीसकट गेल्या. सोसायटीचं कर्ज होतं. आप्पा बोलायचे बंद झाले. जेवायला बसायचे आणि भाताकडे बघत राहायचे. एका रात्री शिवारात खुडबुड ऐकू आली म्हणून मी बंदूक काढली आणि कोनाड्यात केपांची (बार उडवायच्या टिकल्यांची) डबी शोधू लागलो. बामाची जुनी डबी, झाकणावर गंज. केप नसेल तर ठासणीची बंदूक म्हणजे नुसता नळा. डबी जागेवर नव्हती. आईला विचारलं. तिने कमरेच्या बटव्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताटली वाजव जा."

मी चिडलो. ताटली वाजवून डुकरं हलतात होय? बरीच वाजवली, हलली नाहीत. पुढे दिवाळीनंतर कधीतरी डबी परत कोनाड्यात आली. आई त्याबद्दल कधीच काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. आप्पा आता ठीक आहेत, नातवाला शाळेत सोडायला जातात.

मध्यंतरी अमेरिकेतल्या वादावर वाचत होतो. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. मला वाटलं होतं शाळेतले गोळीबार, टोळ्या, दरोडे. त्यातले निम्म्याहून जास्त, २६ हजारांवर, स्वतःच्या हाताने गेलेले. तो आकडा वाचला आणि मला बटव्यावरचा आईचा हात दिसला. तिला ना अमेरिका माहीत ना शस्त्र कायदा. पण घरातल्या बंदुकीचं तोंड कुणाकडे वळू शकतं ते तिला बरोबर कळलं होतं. चोर येईल तेव्हा येईल, वाईट रात्र घरातच असते.

म्हणून माझं मत असं, की पिकासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यात आहे तसा राहू दे, त्याची कागदपत्रं सोपी करा आणि अर्ज मराठीतूनही घ्या. भीती वाटते म्हणून हव्या असलेल्या बंदुकीला मात्र आडकाठी हवीच. उशीर झाला तर होऊ दे. तेवढ्यात एखाद्याचा राग उतरतो, एखाद्याची ती रात्र टळते.

आम्ही गेल्या साली रताळ्याभोवती सोलरचं झटका मशीन (कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं) बसवलं. डुकरं आता शेजाऱ्याच्या शेतात जातात. तो माझ्यावर खवळलाय, आणि परवा बंदूक एका रात्रीपुरती दे म्हणून आला होता. दुसऱ्याच्या हातात देता येत नाही म्हटलं, तर म्हणाला, "मग जपून कशाला ठेवलीय?" त्याला चहा पाजून परत पाठवला.