पिल्लाचे दात आणि आपली बोटे
प्रश्न : आमचे तीन महिन्यांचे लॅब्राडोरचे पिल्लू हातापायांना आणि मुलीच्या फ्रॉकला सतत चावते. नाकावर चापटी मारली की अधिकच चेकाळते. काय करावे?

उत्तर : चापटी आजपासून बंद करावी, पिल्लाला ती एक तर खेळ वाटते, नाही तर ते हात दिसताच बिचकू लागते, आणि बिचकलेला कुत्राच पुढे खरा चावतो. या वयात त्याला दुधाचे २८ दात असतात. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात, त्यामुळे तोवर हिरड्या शिवशिवणारच. दात लागताच हात झटकू नये, कारण पळती वस्तू पकडणे हा त्याचा स्वभावच आहे. हात सैल सोडून खेळ तिथेच थांबवावा, अर्धा मिनिट पाठ फिरवावी आणि मग फ्रीजमध्ये गार केलेला, पीळ दिलेला ओला पंचा तोंडी द्यावा. धागे गिळत नाही ना, हे मात्र पाहावे. घरातील एकानेही (बहुधा आजोबांनी!) बोटे चावू दिली, तर सगळी मेहनत पाण्यात जाते. संध्याकाळी चेकाळलेले पिल्लू पुष्कळदा नुसते झोपेला आलेले असते. मुलीला दात वा ओरखडा लागून रक्त आले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. पिल्लाला रेबीजची लस टोचण्याचे वयही आता झालेच आहे.