डिझेल बंदरावर संपलं, भाव चोपड्यात कसा वाढला?

प्रश्न: मी आठवडी बाजारात सुके बोंबील आणि सुकट विकते. माल सुरतच्या व्यापाऱ्याकडून येतो. परवा त्याने फोनवरच सांगून टाकलं की बंदरावर डिझेलची टंचाई आहे, बोटी उभ्या आहेत, आजपासून भाव वाढला. इथे गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. हे कितपत खरं? (एक विक्रेती, चोपडा)

उत्तर: ताई, टंचाई खरी असेलही पण "आजपासून" हे काही पटत नाही. डिझेल नाही मिळालं की सगळ्यात आधी थांबतो ट्रॉलर, कारण तो जाळं पाण्यात ओढत फिरतो, जाळं खाली असेपर्यंत इंजिन चालूच, ट्रिप कितीतरी दिवसांची, बर्फ भरून घ्यायचा, खलाशांचं रेशन वेगळं आणि या सगळ्या खर्चात मोठा आकडा डिझेलचाच. पण तुमचा बोंबील आणि सुकटीचा जवळा जास्त करून डोल जाळ्यात सापडतो. डोल म्हणजे खुंटांना बांधलेली मोठी पिशवीच, भरती-ओहोटीचं पाणी तोंडातून आत शिरतं आणि मासा मागे अडकतो, ओढायचं काम समुद्रच करतो, बोटीला फक्त जायला-यायला तेल लागतं. म्हणजे फटका यालाही बसतो, फक्त कमी. हां, पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात पाण्याला जोर असतो, डोल भरते तेव्हाच, त्या दिवसांत डिझेल नाही मिळालं तर तो पंधरवडा गेला, मग भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासचं कमी जोराचं पाणी काय देणार!

आता मुद्दा असा की तुमच्या टोपलीतला बोंबील कालचा नाहीये. तो बांबूच्या मांडवावर जोडीजोडीने, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवून उन्हात वाळवलेला, मग गोण्यात भरून गोडाऊनला पडलेला माल आहे. तो पकडला तेव्हाचं डिझेल तेव्हाच जळून गेलं. टंचाईचा परिणाम पुढच्या मालावर दिसेल, आज फार तर ट्रकचं भाडं वाढलं असेल. व्यापाऱ्याला सरळ विचारा, माल कधीचा? जुना असेल तर जुन्या भावात मागा, अडून बसा थोडं. आणि जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, वर पावसात वाळवणही होत नाही, तेव्हा भाव चढतोच, त्याला डिझेल लागत नाही, म्हणून जमेल तेवढी बेगमी एप्रिल-मेमध्येच करून ठेवा.

मच्छीमार उगाच रडतात असंही समजू नका बरं का. मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेल लिटरमागे २५ रुपयांच्या आसपास वाढलं, रस्त्यावरच्या पंपाचा भाव तोच राहिला, आणि मच्छीमार संस्थांचे पंप पडले घाऊकमध्ये! म्हणजे गाडीवाल्याला स्वस्त, बोटवाल्याला महाग. आपल्या राज्यात व्हॅटचा परतावा मिळतो, पण आधी पूर्ण पैसे भरायचे आणि मग वाट बघत बसायचं. डिझेलवर रस्त्यांसाठीचा सेसही आहे, बोट कोणत्या रस्त्यावर चालते ते सरकारलाच माहीत.

प्रश्न: आमच्याकडे उकाई धरणाच्या बॅकवॉटरला लोक वल्ह्यावर मासेमारी करतात, डिझेलचं नावही नाही. समुद्रवाले पूर्वीसारखं शीड का लावत नाहीत? (एक वाचक, नवापूर)

उत्तर: दादा, बॅकवॉटरचं पाणी थांबलेलं, संध्याकाळी जाळं लावलं, सकाळी काढलं, काम झालं. ट्रॉल जाळं शिडावर ओढायचं तर वारा कधी मिळेल त्याचा भरवसा नाही आणि तोवर बर्फ वितळतो. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा मासा किनाऱ्याजवळ मिळायचा आणि खाणारेही जवळपासचेच होते, आता माल पार आपल्या ताटापर्यंत यायचा असतो. लहान बोटींचंही सुटत नाही, श्रीलंकेत बऱ्याच बोटींची मशीन रॉकेलवर चालतात, २०२२ च्या संकटात आधी रॉकेलच मिळेना, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने दर ८७ वरून एकदम ३४० श्रीलंकन रुपये लिटर केला, म्हणजे मिळालं तरी परवडेना. वल्ही तिथेही होतीच की, पण वल्ह्याने जाऊन-जाऊन किती लांब जाणार.