इस्ट्रोजेनचा आकडा सारखा का बदलतो? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: ताई, माझं वय 44. पाळी कधी 24 दिवसांनी येते तर कधी 40, रात्री घामाने डोळे उघडतात, चिडचिड तर विचारूच नका. मी स्वतःच लॅबमध्ये जाऊन इस्ट्रोजेनची टेस्ट केली, आधी जास्त आलं आणि दीड महिन्याने एकदम कमी. दोन्हीपैकी खरा रिपोर्ट कुठला? आणि काय खाल्लं की बॅलन्स होईल?

उत्तर: दोन्ही खरे असू शकतात, आधी हे मनातून काढून टाका की लॅबने काहीतरी घोळ घातला. अगदी नियमित पाळी असलेल्या बाईचंसुद्धा इस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार, पाळीच्या सुरुवातीला साधारण 30 ते 100 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या (pg/mL) आत असतं आणि बीज सुटायच्या आधी 200 ते 400 पर्यंत चढतं, एकाच महिन्यात! त्यात चाळिशीनंतर ओव्हरीतली बीजं कमी व्हायला लागतात, मग मेंदू जास्त जोर लावून सिग्नल देतो, ओव्हरी कधी भरमसाट इस्ट्रोजेन करते तर कधी अजिबात दाद देत नाही. मेनोपॉजच्या आधीची काही वर्षं अशीच असतात. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून वाढलं की घटलं हे ठरवू नका, 45 च्या पुढे तर लक्षणं ऐकूनच निदान होतं, टेस्ट बहुतेक वेळा लागतही नाही. त्यापेक्षा थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण थायरॉईड बिघडला तरी घाम, चिडचिड, पाळी पुढेमागे असं सगळं होतं.

आता खाण्याचं. ओव्हरी किती इस्ट्रोजेन बनवेल हे ताटावरून ठरत नाही, हे मी स्पष्टच सांगते. पण वापरून झालेलं इस्ट्रोजेन बाहेर कसं पडतं, तिथे खाण्याचा संबंध येतो. लिव्हर त्याला बांधून पित्तातून आतड्यात सोडतं, तिथले काही बॅक्टेरिया ती गाठ परत सोडवतात आणि मोकळं झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात जातं. पोट रोज साफ होत असेल, खाण्यात फायबर भरपूर असेल तर ते परत शोषलं जाण्याऐवजी बाहेर पडायला मदत होते. दिवसाला 25 ग्रॅम फायबर म्हणजे डाळी, कडधान्यं, भाज्या, सालासकट फळं आणि अख्खी धान्यं मिळून सहज होतं, फक्त एकदम वाढवू नका, आठवड्या-आठवड्याने वाढवा आणि पाणी जास्त प्या नाहीतर पोट फुगून तुम्हीच कंटाळून सोडून द्याल.

दारू घेत असाल तर कमी करा, जमलं तर बंदच करा, तिने इस्ट्रोजेन वाढतं आणि रात्रीचा घामही वाढतो. वजनाचंही सांगते, शरीरातल्या चरबीतसुद्धा इस्ट्रोजेन तयार होतं आणि मेनोपॉजनंतर तोच मुख्य सोर्स उरतो. आठवड्यातून 150 मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस वजनं उचलायचा व्यायाम, हे हाडांसाठी तर पाहिजेच पाहिजे.

आणि हे सगळं करूनही झोप लागत नसेल तर सहन करत बसू नका हो. हार्मोन थेरपी आहे, हार्मोन नसलेली औषधंही आहेत, तुमच्या तब्येतीला काय चालेल ते गायनॅकला विचारा. औषध लागलं म्हणजे तुम्ही डाएटमध्ये कमी पडलात असं अजिबात नाही.

प्रश्न: मैत्रीण म्हणते सोयाबीन खाऊ नको, त्यात इस्ट्रोजेन असतं, ब्रेस्ट कॅन्सर होतो. आणि जवस खाल्लेलं चालेल का?

उत्तर: सोयाबीनमध्ये असतात ती आयसोफ्लेवोन्स, त्यांची ठेवण इस्ट्रोजेनसारखी, पण काम फार हलकं. रोजच्या जेवणातल्या प्रमाणात सोया खाल्ल्याने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढत नाही, निर्धास्त खा. गोळ्या-पावडरींचा अर्क मात्र वेगळी गोष्ट, कॅन्सर होऊन गेला असेल तर तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थायरॉईडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांच्यात काही तासांचं अंतर ठेवा. जवस दळून खा, अख्खं गिळलं तर बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. एक चमचा ताजं दळून खाण्यावर भुरभुरवा, झालं.

प्रश्न: मी 23 वर्षांची. सहा महिन्यांत वजन खूप कमी केलं, रोज दहा किलोमीटर पळते, भात-पोळी पूर्ण बंद. पाच महिने पाळी आली नाही. हार्मोन बॅलन्सची पावडर घेऊ का?

उत्तर: नको गं बाळा, पावडर नको, जेवण हवंय तुला. खर्च एवढा आणि खाणं एवढंसं असं झालं की मेंदू ओव्हरीला सिग्नल द्यायचंच थांबवतो, इस्ट्रोजेन खाली जातं. पाळी नाही तर कटकट नाही असं वाटत असेल, पण तुझ्या वयात हाडं अजून भरत असतात आणि त्यांना इस्ट्रोजेन लागतं, आत्ताची झीज पुढे पूर्ण भरून येईलच असं नाही. प्रेग्नन्सी टेस्ट करून घे, मग याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, तीन महिने पाळी नाही आली तरी जायचं असतं आणि तुझे तर पाच झालेत. पळणं कमी कर, कार्बोहायड्रेट परत सुरू कर. खायची भीती वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, त्यासाठी मदत मिळते.

प्रश्न: वय 56. पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यापासून जवस खाते आणि आता दोनदा कपड्याला डाग लागला. इस्ट्रोजेन परत वाढलं असेल का?

उत्तर: जवसाने असं होत नाही. मेनोपॉजनंतर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी तपासून घ्यायचंच, दुखत नसलं तरी. बऱ्याचदा कोरडेपणा किंवा छोटा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब, निघतो, पण कधीकधी गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असा पहिल्यांदा दिसतो आणि लवकर सापडला तर बरा होतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात, गरज वाटली तर तुकडा काढून तपासतात. पुढच्या अंकाची वाट बघू नका, आजच फोन करून अपॉइंटमेंट घ्या.