रेफरन्स कोणाचा देऊ?

प्रश्न: ताई नमस्कार, मी डोंबिवलीला राहते, अकाउंट्समध्ये आहे. मरोळच्या एका फ्रेट कंपनीत चार वर्षं होते, ती सोडून आता लोअर परळला आहे आणि बीकेसीतल्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू क्लिअर झालाय. त्यांच्या फॉर्ममध्ये तीन रेफरन्स, म्हणजे माझ्याबद्दल फोनवर विचारता येईल अशी माणसं, मागितलेत. मरोळच्या बॉसशी सोडताना सुट्टीवरून चांगलंच वाजलं होतं आणि आताच्या ऑफिसात मी कोणालाच काही सांगितलेलं नाही. आई म्हणते, काकांचे मित्र बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेत, तुला लहानपणापासून ओळखतात, त्यांचं नाव टाक. टाकू का?

उत्तर: नका टाकू. आईची काळजी कळते मला, पण फोन आल्यावर काय विचारतात ते बघा ना, किती दिवस एकत्र काम केलं, तुमच्याकडे नेमकं काय काम होतं, डेडलाइन पाळतात का, चूक झाली तर स्वतःहून सांगतात का, परत संधी आली तर घ्याल का. काकांचे मित्र यातलं काय सांगणार? मुलगी गुणी आहे, घर चांगलं आहे, बस. समोरच्याला लगेच कळतं की हिच्याकडे कामाचं बोलणारं कोणी नाहीये, आणि ते तुमच्या चार वर्षांवर अन्याय करणारं आहे.

तुमचं काम जवळून कोणी पाहिलं ते आठवा. दरवर्षी ऑडिटला येणारे सीए असतील, ज्यांना तुम्ही लेजर काढून द्यायचात, व्हाउचर शोधून द्यायचात, त्यांच्याइतकं तुमचं काम कोणाला माहीत असणार? ऑपरेशन्सचे मॅनेजर असतील ज्यांची बिलं तुम्ही क्लिअर करायचात. तुमच्या वरची एखादी सिनियर जी आता दुसरीकडे गेलीये, तीही चालते, ती आज त्या कंपनीत नाही म्हणून काही बिघडत नाही, फक्त तेव्हा ती कोण होती आणि आता कुठे आहे हे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा.

आता बॉसचं. रिपोर्टिंग मॅनेजरच पाहिजे असं फॉर्ममध्ये नसेल तर त्यांचं नाव देऊ नका, पण कंपनी मात्र लपवू नका हां. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन वेगळं असतं, ते एचआरकडून तारखा, पद, सोडण्याचं कारण विचारतात, आणि पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या, म्हणजे तुमच्या पीएफ नंबरच्या, सर्व्हिस हिस्टरीत सगळं दिसतंच. तिथे मरोळच्या कंपनीची सोडल्याची तारीख भरलेली आहे का हे आजच बघा, नसेल तर सोडून दोन महिने झाल्यावर ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते. बऱ्याच जणांचं तिथेच अडकतं आणि मग धावपळ होते.

मॅनेजर कंपल्सरी असेल तर त्यांना आधी तुम्ही फोन करा. खरंच करा, टाळू नका. भांडणाचा विषय काढायची गरज नाही, सरळ विचारा, सर, माझ्या कामाबद्दल तुम्हाला चांगलं सांगता येईल का? माणसं त्या दिवशी चिडलेली असतात पण काम विसरत नाहीत. ते घुटमळले, बघू म्हणाले, तर समजून घ्या आणि बीकेसीच्या एचआरला सांगा की त्यांच्याऐवजी त्यांच्या वरच्या साहेबांशी बोला. सोडतानाचा वाद झाला होता हे दोन वाक्यांत आधीच सांगितलेलं बरं, नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा.

आताच्या ऑफिसातलं कोणाचंही नाव नको. तिथे लिहा, ऑफर मिळाल्यावर, राजीनामा दिल्यानंतर संपर्क करावा. हे सगळीकडे चालतं, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आणि नाव देण्याआधी त्या प्रत्येकाला विचारा, न विचारता कोणाचा नंबर देऊ नका, तो त्यांचा नंबर आहे. हो म्हणाले की व्हॉट्सॲपवर तुमचा रेझ्युमे, नवीन पोस्ट काय आहे ते, आणि तुम्ही त्यांच्यासोबत काय काय केलं याच्या चार ओळी पाठवा, जीएसटीचं मिसमॅच सोडवलं, टॅलीत जुन्या एन्ट्री सुधारल्या, जे खरं असेल ते. काय बोलायचं ते पढवू नका, फक्त आठवण करून द्या, रोज इतकी माणसं भेटतात त्यांना. अनोळखी नंबर हल्ली कोणी उचलत नाही म्हणून कंपनीचं नाव आणि फोन साधारण कधी येईल तेही कळवा. अकाउंट्सच्या माणसाला 7, 11 आणि 20 तारखेच्या आसपास नको, टीडीएस भरायची आणि जीएसटीआर-1 आणि 3बी ही जीएसटीची रिटर्न भरायची मुदत तेव्हा असते, त्यांचा जीव तिथे अडकलेला असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शक्य असेल तिथे ऑफिसचा ईमेल द्या, कारण जीमेल बऱ्याच कंपन्या धरत नाहीत.

मैत्रिणीला मॅनेजर म्हणून उभं करायचा सल्लाही कोणीतरी देईल. नको. ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा अट असते की माहिती खोटी निघाली तर नोकरी जाईल, जॉइन झाल्यावरसुद्धा.

प्रश्न: मी विरारला राहतो, बीएमएस (मॅनेजमेंटची पदवी) आत्ताच झालंय, नोकरी कधीच केली नाही. मग रेफरन्स कोण?

उत्तर: इंटर्नशिप केली असेल तर तिथले सुपरवायझर, आणि प्रोजेक्ट गाइड. प्रिन्सिपलचं नाव मोठं वाटतं पण त्यांनी तुम्हाला ओळखलं पाहिजे ना. कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) केलं असेल तर प्रोग्राम ऑफिसर उत्तम, वर्षाला 120 तास आणि वर सात दिवसांचा कॅम्प, एवढ्यात माणूस कळतो. क्लासमध्ये मुलांना शिकवलं असेल, दुकानात हिशोब बघितला असेल, ते मालकही चालतात. मात्र वडील, मामा, चुलतभाऊ यांच्याकडे काम केलं असेल तर नातं लपवू नका आणि दुसरं एक तरी नाव घराबाहेरचं द्या.