डी अँझातून बर्कली : हातात दोन वर्षं नसतात

ताई, तुम्ही विचारलंय की मुलीला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, बर्कली आणि यूसीएलए या दोन्ही कँपसकडून नकार आला, रिव्हरसाइड मिळालंय, पण तिला कॉम्प्युटर सायन्स बर्कलीतूनच करायचंय, तर डी अँझाला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजला, दोन वर्षं काढून ट्रान्सफर घ्यावी का. माझं मत, हो, रस्ता चांगला आहे, पण मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) पक्कं असेल तरच. "आधी बेसिक कोर्स करू, मग बघू" असं म्हणून जाणाऱ्या मुलांचंच हमखास अडतं. माझी धाकटी डी अँझातूनच गेली, त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच मुलांचे प्लॅन बघितलेत, त्यावरून लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. घरात कुणीतरी सुचवेलच की रिव्हरसाइडला जाऊ दे, तिथून बर्कलीला बदली घेता येईल. घेता येते, पण यूसी ट्रान्सफरमध्ये पहिला प्राधान्यक्रम कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना देते, दुसऱ्या यूसीतल्या मुलांना नाही. यूसीएलए ट्रान्सफरने ज्यांना घेतं त्यातले 90 टक्क्यांहून जास्त कम्युनिटी कॉलेजमधलेच असतात. त्यामुळे रिव्हरसाइड घ्यायचं तर तिथूनच डिग्री घेऊ म्हणून घ्या, जिना म्हणून नको.

आपल्याकडे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जातात ना, कल्पना तीच, फक्त इथे थेट तिसऱ्या वर्षाला. फरक असा की तिकडे टक्क्यांची मेरिट लिस्ट लागते आणि इथे एकेक कोर्स जुळवून बघतात. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स बर्कलीच्या कुठल्या कोर्सच्या जागी चालतो, हे असिस्ट डॉट ऑर्गवर आहे. डी अँझा टाका, बर्कली टाका, मेजर टाका, तक्ता येतो. तो प्रिंट काढून फ्रिजवर लावा. मग तसाच यूसीएलए, सॅन डिएगो, डेव्हिसचाही काढा, कारण चौघांचे तक्ते एकसारखे नसतात आणि एकीकडे नसलेला कोर्स दुसरीकडे सक्तीचा असतो.

आता मुख्य मुद्दा. दोन वर्षं म्हणतात पण दोन वर्षं नसतातच. यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीला जातो, तेव्हा हातात ग्रेड असतात त्या फक्त पहिल्या वर्षाच्या आणि मधल्या समरच्या, फॉलच्या (सप्टेंबर ते डिसेंबर) ग्रेड जानेवारीत अपडेट करून द्यायच्या. म्हणजे सगळी परीक्षा सव्वा वर्षात. त्यात डी अँझाला क्वार्टर सिस्टीम, दहा-बारा आठवड्यांत कोर्स संपतो, ऑक्टोबर उजाडला की मिडटर्म, रुळायला वेळ मिळत नाही. कॅल्क्युलस तिथे 1ए, 1बी, 1सी, 1डी असं चार क्वार्टर चालतं, त्यावर लिनियर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, आणि फिजिक्स 4ए, 4बी, 4सी एकामागून एकच घ्यावं लागतं. पहिल्या फॉलला गणिताचा योग्य वर्ग मिळाला नाही तर अख्खी माळ एका क्वार्टरने पुढे सरकते, मग शेवटचा कोर्स स्प्रिंगमध्ये (एप्रिल ते जून) बसत नाही. हायस्कूलमधल्या एपी (कॉलेज पातळीच्या) परीक्षेत कॅल्क्युलस बीसीला 5 पैकी 4-5 असतील तर बराच वेळ वाचतो, ते स्कोर कॉलेजला आजच पाठवा.

आणि ही माळ मध्येच तोडू नका. "1सी डी अँझाला, पुढचं समरमध्ये ओलोनीला" असं मुलं करतात, वेळ सोयीची असते म्हणून. पण ओलोनी या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजला सेमिस्टर आहे, तिथे तोच अभ्यासक्रम तीन भागांत बसवलाय, त्यामुळे मधला एखादा तुकडा दोन्हीकडे निसटतो.

मुलीने हायस्कूलमध्ये असताना फूटहिलसारख्या कम्युनिटी कॉलेजला ड्युअल एन्रोलमेंट, म्हणजे शाळेसोबतच कॉलेजचे कोर्स, केले होते का? त्या ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमच्या असतात आणि यूसीच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरल्या जातात. बाकी हायस्कूलचे मार्क, एसएटी, काही बघत नाहीत, ही पाटी मात्र खरंच कोरी.

टॅगबद्दल, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटीबद्दल, विचारलंत. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ या सहा कँपसपैकी एकाला सप्टेंबरमध्ये टॅग भरता येतो, ठरलेला जीपीए आणि कोर्स पूर्ण केले की प्रवेशाची हमी. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो यात नाहीत. आणि कॉम्प्युटर सायन्ससारखी मेजर बऱ्याच कँपसनी टॅगमधून वगळलीत, तेव्हा त्या वर्षाचा तक्ता बघूनच भरवसा ठेवा. बर्कलीत कॉम्प्युटर सायन्सला ट्रान्सफर खरंच अवघड आहे, चार ए मिळाले म्हणजे झालं असं नाही. डेटा सायन्स, अप्लाइड मॅथ, कॉग्निटिव्ह सायन्स यातलं काही तिला आवडतं का हे आत्ताच बोला, कारण त्यांचे तक्ते वेगळे आहेत. तिला बर्कलीशिवाय काहीच नको असेल तर मी रिव्हरसाइड सोडायला सांगणार नाही. कुठलीही चांगली यूसी चालेल असं असेल तर बिनधास्त डी अँझा.

पैशाचं म्हणाल तर कॅलिफोर्निया रहिवाशाला क्वार्टर युनिटला 31 डॉलर, 90 युनिटांचे 2,800 च्या आसपास, वर किरकोळ फी. यूसीची एका वर्षाची ट्यूशन याच्या कितीतरी पट. तुम्ही एच-4 चं (एच-1बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) लिहिलंय, तर एच-4 वर रेसिडेन्सी, म्हणजे फीसाठी रहिवासी दर्जा, मिळू शकते, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर नाही, आणि मुलांचा एच-4 21 वर्षांपर्यंतच चालतो, त्यामुळे ती 21 ची कधी होते ती तारीख आधी वकिलाला दाखवा आणि मग कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला भेटा.

लोकांचं सोडा. गणपतीत कुणी "कुठे घेतलं ऍडमिशन?" विचारलं की डी अँझा सांगायचं आणि मोदक वाढायला जायचं. डिग्रीवर ट्रान्सफर असं कुठे लिहिलेलं नसतं.

निकाल एप्रिलअखेरपर्यंत लागतो, होकार 1 जूनपर्यंत द्यायचा, आणि प्रवेश मिळाला तरी स्प्रिंगचे कोर्स अर्जात लिहिलेत तेच पूर्ण करावे लागतात. एखादा न कळवता सोडला तर दिलेला प्रवेश काढून घेतात. तिच्या एपीचे विषय आणि स्कोर इथे टाका, पहिल्या फॉलला काय काय घ्यावं ते लिहिते.