निखळलेले चाक आणि एकमेकांकडे दाखवलेली बोटे

प्रश्न : सहकुटुंब दुबईला जाण्यासाठी मी सांगलीच्या बाजारपेठेतून ८,४९९ रुपयांची मोठी ट्रॉली बॅग घेतली. लेबलवर उंची ७५ सेंमी आणि पाच वर्षांची वॉरंटी असे छापलेले आहे. ‘कुठल्याही विमानाला चालते’ असे दुकानदाराने व्हॉट्सअॅपवर कळवले होते. जाताना पुणे विमानतळावर बॅग मापापेक्षा मोठी ठरली, शिवाय वजन ३४ किलो भरले. काही सामान बाहेर काढून जादा शुल्क भरावे लागले. परतताना पुण्यात बॅग हाती आली तेव्हा एक चाक मुळासकट निखळले होते, कोपऱ्याला तडा गेला होता आणि आतली अत्तराची बाटली फुटून पत्नीची साडी खराब झाली होती. काउंटरवरील कर्मचाऱ्याने फोटो काढून घेतले, पण कागद दिला नाही. पाचव्या दिवशी मी विमान कंपनीला ई-मेल केला, तेव्हा ‘बॅगेतच दोष होता’ असे उत्तर आले. दुकानदार म्हणतो, ‘विमानतळावर आपटली असणार’, आणि बिलावरील ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीवर बोट ठेवतो. दाद कोणाविरुद्ध मागावी? आणि पुढची बॅग घेताना काय पाहावे? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपण दोघांपैकी एकाची निवड करू पाहत आहात, आणि नेमके तेच करू नये, असा माझा सल्ला आहे. केवळ दुकानदाराविरुद्ध तक्रार केलीत, तर तो विमान कंपनीकडे बोट दाखवून मोकळा होईल. केवळ विमान कंपनीविरुद्ध केलीत, तर ती बॅगेच्या दर्जाकडे बोट दाखवील. दुकानदार, उत्पादक कंपनी आणि विमान कंपनी या तिघांनाही एकाच तक्रारीत विरुद्ध पक्ष करावे. विमान कंपनीचा ‘बॅगेतच दोष होता’ हा लेखी खुलासा दुकानदाराविरुद्ध आपल्या उपयोगी पडतो आणि दुकानदाराचे ‘आपटली असणार’ हे म्हणणे विमान कंपनीविरुद्ध. मात्र दुकानदार हे तोंडीच म्हणाला आहे. व्हॉट्सअॅपवर साध्या शब्दांत विचारून त्याचे उत्तर लेखी मिळवून ठेवावे.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तो पाचव्या दिवशीचा ई-मेल. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला आपल्याकडे हवाई वाहतूक अधिनियम, १९७२ आणि त्याद्वारे लागू झालेला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. ताब्यात दिलेल्या सामानाचे नुकसान झाल्यास, सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. तशी ती केली नाही, तर विमान कंपनीने कपट केल्याचा अपवाद वगळता पुढे दावाच चालत नाही. फोनवर घातलेला वाद किंवा काउंटरवरील कर्मचाऱ्याने काढलेले फोटो यांना लेखी तक्रार म्हणता येत नाही. कित्येक चांगले दावे या एका मुदतीपायी बुडतात. आपण त्यातून वाचलेले आहात. तो ई-मेल, त्याला जोडलेले फोटो, आलेले उत्तर आणि बॅगेला लावलेली पट्टी जपून ठेवावी. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे. व्हॉट्सअॅप संभाषणालाही ते लागेल.

याच करारानुसार सामान वाहकाच्या, म्हणजे विमान कंपनीच्या, ताब्यात असताना त्याचे नुकसान झाले, तर वाहक जबाबदार असतो. मात्र ते नुकसान सामानातील अंगभूत दोषामुळे किंवा त्याच्या दर्जामुळे झालेले असेल, तर तेवढ्यापुरती त्याची सुटका होते. विमान कंपनीने याच अपवादाचा आधार घेतलेला दिसतो. तथापि अपवाद सांगणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो, आणि बॅग न तपासता ई-मेलवर दिलेला अभिप्राय म्हणजे सिद्धता नव्हे. भरपाईची कमाल मर्यादा एक लाख रुपयांहून अधिक असल्यामुळे आपल्या रकमेपुरता तिचा अडसर येणार नाही.

आता दुकानदाराकडे वळू. बिलावरील ती ओळ पाहून ग्राहक निम्मे अवसान गाळतो, आणि ती छापण्यामागचा हेतूही बहुधा तोच असतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे, सदोष माल परत घेऊन बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. एखादी वस्तू मनास आली नाही म्हणून परत करणे वेगळे. सदोष वस्तूच्या बाबतीत ती छापील ओळ दुकानदाराला वाचवू शकत नाही. येथे एक सावधगिरी सांगतो. त्या ओळीला किंवा वॉरंटी कार्डावरील अटींना तक्रारीत ‘अनुचित करार’, म्हणजे ग्राहकावर एकतर्फी अटी लादणारा करार, असे संबोधू नये. अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगासमोर चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते, आणि एका शब्दापायी आपल्याला सांगली सोडून जावे लागेल. ‘मालातील दोष’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढेच म्हणावे.

मापाचा मुद्दा मला चाकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. अनेक विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंमीपर्यंत मान्य करतात, आणि ती चाके व हँडल धरून मोजतात. ७५ सेंमी ही उंची बहुधा केवळ खोक्याची असेल. घरी टेप लावून चाकांसह तिन्ही मापे घ्यावीत आणि लेबल व टेप एकाच चौकटीत दिसतील असा फोटो काढावा. लेबलवर ‘चाकांशिवाय’ असा खुलासा नसेल आणि दुकानदाराने ‘कुठल्याही विमानाला चालते’ असे लिहून दिले असेल, तर दिशाभूल करणारे निवेदन हा मुद्दा चांगला उभा राहतो. मात्र जादा शुल्काची पावती नीट वाचावी. शुल्क आकारमानासाठी घेतले असेल, तर ते दुकानदाराकडून मागता येईल. वजनासाठी घेतले असेल, तर तो मुद्दा सोडून द्यावा. एका नगाचे वजन ३२ किलोपेक्षा अधिक असेल तर बहुतेक विमान कंपन्या ते स्वीकारत नाहीत, आणि ३४ किलो सामान आपणच भरलेले होते. तेवढे वजन चाकांनी पेलायला हवे होते का, हा प्रश्न विरुद्ध पक्ष हमखास विचारील. परतीच्या प्रवासातील वजन पट्टीवर किंवा बोर्डिंग पासवर छापलेले असेल, तर ते पाहून उत्तर तयार ठेवावे.

साडी आणि अत्तर यांविषयी स्पष्टच सांगतो, ती मागणी नेटाने लावून धरण्यात अर्थ नाही. बाटली कशी गुंडाळली होती, साडीची किंमत किती, ती आता वापरण्याजोगी उरली आहे का, या प्रत्येक गोष्टीचा पुरावा द्यावा लागेल, आणि त्या वादात चाकाची सरळ साधी तक्रार झाकोळली जाईल. बॅगेची किंमत व्याजासह, आकारमानाचे शुल्क, मानसिक त्रासाबद्दल माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च, इतकेच मागावे. आठ हजारांच्या बॅगेसाठी पाच लाखांची मागणी केली, की आयोगाचा आपल्याविषयीचा ग्रह पहिल्याच पानावर बिघडतो.

सर्वांत कळकळीची सूचना म्हणजे बॅग दुरुस्त करू नये. कोपऱ्यावरचा बॅगवाला रिव्हेट मारून शंभर-दोनशे रुपयांत चाक बसवून देईल, पण त्याबरोबर आपला पुरावाही जाईल. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. निखळलेल्या चाकाच्या जागी प्लॅस्टिकची बैठक पातळ होती का, स्क्रू किती खोल गेला होता, तडा बाहेरच्या आघाताचा आहे की आतल्या ताणाचा, हे त्या बैठकीवरच वाचता येते. निखळलेले चाक आणि सापडतील ते तुकडे पिशवीत बांधून बॅगेतच ठेवावेत.

कार्यपद्धती फारशी जड नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. त्यासोबत तिघांनाही स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. कायद्याने ती सक्तीची नाही, पण उत्पादक कंपन्या नोटीस मिळाल्यावर अनेकदा नवी बॅग देऊ करतात, आणि तसे झाले तर घ्यावी. न मिटल्यास सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जावे. आपण जेथे राहता तेथे तक्रार करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे, त्यामुळे विमान कंपनीच्या शहरात किंवा पुण्यात खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी दिलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, तक्रार मराठीत देता येते आणि वकील सक्तीचा नाही. खरे तर या रकमेच्या प्रकरणात वकिलाची फी बॅगेच्या किमतीहून अधिक व्हायची. तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे.

पुढच्या खरेदीविषयी कायद्याच्या बाजूने सांगण्यासारखे थोडेच आहे. चौघांचे सामान एका मोठ्या बॅगेत कोंबण्यापेक्षा दोन मध्यम बॅगा घेणे शहाणपणाचे, कारण रिकाम्या मोठ्या बॅगेचेच वजन चार-पाच किलो भरते. स्क्रूने बसवलेली आणि बदलता येणारी चाके असलेली बॅग निवडावी. चाकांसह माप बिलावर लिहून घ्यावे, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी, आणि ‘चाके व हँडल वॉरंटीत नाहीत’ अशी बारीक अक्षरांतील ओळ आहे का, ते पैसे देण्याआधी पाहावे. आपल्या आताच्या कार्डावरही ती ओळ असण्याची शक्यता आहे. असली तरी घाबरू नये. वॉरंटी हे कायद्याने दिलेल्या हक्कांवरचे वाढीव आश्वासन आहे, आणि ते अपुरे असले म्हणून सदोष मालाविरुद्धचा मूळ हक्क संपत नाही.

आपण पत्रासोबत पाठवलेल्या कागदपत्रांत एक विसंगती राहिलेली आहे. बिल आपल्या नावे आहे, तर बॅगेची पट्टी आपल्या पत्नीच्या तिकिटावरची. विमान कंपनीविरुद्धचा दावा प्रवाशाचा, म्हणजे त्यांचा ठरतो, आणि दुकानाविरुद्धचा आपला. म्हणून तक्रारदार म्हणून दोघांचीही नावे घालावीत आणि प्रतिज्ञापत्रेही दोघांची स्वतंत्र द्यावीत.