उत्तर बरोबर, तरी वाद का? क्विझवाल्या वाचकांचे प्रश्न

या वेळी जीके क्विझबद्दल बरेच प्रश्न आलेत, काही खेळणाऱ्यांचे, काही क्विझ घेणाऱ्यांचे आणि काही घरी एकट्याने स्वतःची टेस्ट घेणाऱ्यांचे. त्यातले निवडक घेतोय.

प्रश्न: आमच्या क्विझ नाइटमध्ये ‘जगातला सगळ्यात उंच पर्वत कोणता’ असा प्रश्न आला. आम्ही एव्हरेस्ट लिहिलं, दुसऱ्या टीमने मौना किया आणि तिसरी टीम चिंबोराझोवर अडून बसली. पॉइंट फक्त आम्हाला मिळाला पण वाद काही मिटला नाही. खरं बरोबर कोण?

तिघंही बरोबर, कारण प्रश्नात उंची कुठून मोजायची तेच सांगितलेलं नाहीये. समुद्रसपाटीपासून मोजली तर एव्हरेस्टच, ८,८४८.८६ मीटर (हा आकडा नेपाळ आणि चीनने मिळून २०२० मध्ये जाहीर केला, त्याआधी आपण सगळे ८,८४८ पाठ करायचो). पायथ्यापासून शिखरापर्यंत मोजली तर हवाई बेटांवरचा मौना किया जिंकतो, पाण्याच्या वर तो जेमतेम ४,२०७ मीटर दिसतो पण त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे आणि तिथून धरलं की उंची १०,००० मीटरच्या वर जाते. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सगळ्यात लांबचं टोक कुठलं असं विचारलं तर इक्वेडोरमधला चिंबोराझो, जो समुद्रसपाटीपासून फक्त ६,२६३ मीटर आहे. हे कसं, तर पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर ती फुगलेली आहे, तिथली त्रिज्या ध्रुवांपेक्षा साधारण २१ किलोमीटरने जास्त भरते, आणि चिंबोराझो जवळजवळ विषुववृत्तावरच असल्यामुळे त्याला हा फुगवटा आयता मिळतो आणि तो एव्हरेस्टला सुमारे दोन किलोमीटरने मागे टाकतो.

मला स्वतःला हे प्रकरण फार आवडतं, कारण एका प्रश्नात तीन सुंदर प्रश्न लपलेत आणि क्विझमास्टरने चार शब्द वाढवले असते तर ते तिन्ही वेगवेगळे विचारता आले असते. मी तर म्हणेन की प्रश्न लिहून झाला की तो हट्टी टीमच्या नजरेने एकदा वाचायचा, दुसरं उत्तर बसतंय का बघायचं, आणि बसत असेल तर प्रश्न दुरुस्त करायचा. असले प्रश्न अजून खूप आहेत. सगळ्यात मोठं वाळवंट म्हटलं की सगळे सहारा लिहितात, पण वाळवंट हे पाऊस किती कमी पडतो त्यावर ठरतं, त्यामुळे अंटार्क्टिका पहिला येतो, म्हणून ‘उष्ण वाळवंट’ असं स्पष्ट म्हणायचं. दक्षिण आफ्रिकेची राजधानी विचारली तर प्रिटोरिया, केप टाउन आणि ब्लूमफोंटेन अशी तीन उत्तरं येणार, सरकार एकीकडे, संसद दुसरीकडे, न्यायव्यवस्था तिसरीकडे. नाईल की ॲमेझॉन हा लांबीचा वाद तर अभ्यासकांमध्येच मिटलेला नाही, कारण नदीचा उगम नेमका कुठला धरायचा यावरच आकडा हलतो, तो प्रश्न सरळ सोडून द्यावा.

प्रश्न: माझ्याकडे जीकेची जुनी पुस्तकं आहेत, त्यावरून मुलांची क्विझ घेते. त्यातली कुठली उत्तरं आता चालणार नाहीत?

ताई, पुस्तकं फेकू नका, इतिहास आणि शरीरशास्त्राचा मोठा भाग अजून तसाच आहे. पण काही जागा हमखास तपासा. ग्रह नऊ लिहिले असतील तर आठ करा, प्लूटोला ऑगस्ट २००६ मध्ये बटुग्रह ठरवलं. सगळ्यात जास्त चंद्र गुरूला असं असेल तर तेही गेलं, मार्च २०२५ मध्ये शनीचे १२८ नवे चंद्र मान्य झाले आणि त्याचा आकडा २७४ वर गेला, आणि हा आकडा पुढेही वाढू शकतो म्हणून मी तर संख्या न विचारता ‘सगळ्यात जास्त चंद्र कोणाला’ एवढंच विचारेन. मूलद्रव्यं ११८ झालीत, शेवटच्या चारांना २०१६ मध्ये नावं मिळाली. स्वाझिलँडचं २०१८ मध्ये इस्वातिनी झालं, मॅसेडोनियाचं २०१९ मध्ये नॉर्थ मॅसेडोनिया. कझाकस्तानच्या राजधानीचं तर बघाच, २०१९ मध्ये अस्तानाचं नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये परत अस्ताना, म्हणजे २०१९ च्या थोडं आधीचं पुस्तक बरोबर आणि मधलं चूक अशी गंमत झालीये. लोकसंख्येत पहिला देश चीन असेल तर २०२३ पासून तिथे भारत लिहायचं. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, शेवटचा आला तो साउथ सुदान, २०११ मध्ये.

काही उत्तरं मात्र जुनी झालेली नाहीत, ती पहिल्यापासूनच चुकीची छापली जातात. चीनची भिंत अंतराळातून दिसते हे त्यातलं पहिलं, चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये जाऊन आले आणि त्यांनीच सांगितलं की मला भिंत दिसली नाही, कारण ती लांब असली तरी अरुंद आहे आणि आजूबाजूच्या जमिनीच्याच रंगाची आहे. दुसरं म्हणजे आईनस्टाईनला नोबेल सापेक्षतावादासाठी मिळालं, तर ते १९२१ चं नोबेल मुख्यतः प्रकाशविद्युत परिणामाच्या कामासाठी होतं. आणि तिसरं, सूर्याच्या सगळ्यात जवळ म्हणून बुध सगळ्यात गरम, हे लॉजिकल वाटतं पण सगळ्यात गरम शुक्र आहे, त्याच्या दाट कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात उष्णता अडकून राहते आणि तापमान ४६० अंशांच्या पुढे जातं.

प्रश्न: मी रोज प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचतो, वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि प्रत्यक्ष क्विझमध्ये तोंडावर काही येत नाही. काय चुकतंय?

वाचताना उत्तर समोर दिसतं आणि ओळखीचं वाटतं, त्यालाच आपण ‘येतंय’ समजतो. पण क्विझमध्ये समोर काहीच नसतं, उत्तर आतून काढावं लागतं, आणि ही वेगळी प्रॅक्टिस आहे. यावर रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले आणि काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. त्यामुळे उत्तरं झाका, प्रश्न वाचा, उत्तर लिहा (मनात नको, मनात आपण स्वतःला फार सूट देतो) आणि मगच उघडून बघा. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत काढा आणि तेच दुसऱ्या दिवशी, मग थोड्या दिवसांनी, मग अजून गॅप ठेवून परत सोडवा. एका बैठकीत घोटून पाठ केलेलं झपाट्याने उडून जातं हे हर्मन एबिंगहाऊसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं.

अजून एक, नुसतं उत्तर पाठ करू नका, त्यामागचं ‘का’ पण शोधा. ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी नाही, कॅनबेरा, हे दर वेळी विसरायला होत असेल तर एवढंच लक्षात ठेवा की सिडनी आणि मेलबर्न दोघांनाही राजधानी व्हायचं होतं, मार्ग निघेना, म्हणून १९०८ मध्ये तिसरीच जागा निवडली आणि नवं शहर वसवलं. एकदा हे डोक्यात बसलं की कॅनबेरा वेगळं पाठ करायला लागत नाही.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये दहावीच्या मुलांपासून रिटायर्ड लोकांपर्यंत सगळे असतात. प्रश्न सोपे काढले तर मोठे कंटाळतात, अवघड काढले तर मुलं गप्प बसतात.

माहीत असलं तरच येणारे प्रश्न कमी करा आणि डोकं चालवून काढता येणारे वाढवा. उदाहरणार्थ, सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला किती वेळ लागतो हे कोणाला पाठ असेल कोणाला नसेल, पण प्रश्नातच सांगून टाका की अंतर साधारण १५ कोटी किलोमीटर आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, मग दहावीचा मुलगा भागाकार करून ५०० सेकंद म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंद असं सांगतो आणि टीममधले आजोबा पण खूश होतात. किंवा हिंट एकेक करून द्या: ‘या व्यक्तीला १९११ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं’, कोणालाच नाही आलं तर ‘त्याआधी १९०३ मध्ये फिजिक्सचं मिळालं होतं’, आणि शेवटी ‘नोबेल मिळवणारी ही पहिली स्त्री’. पहिल्या हिंटवर मेरी क्युरी ओळखलं तर जास्त पॉइंट, तिसऱ्यावर कमी. टीम पण वयाप्रमाणे न पाडता मिक्स करा.

प्रश्न: निगेटिव्ह मार्किंग ठेवावं का?

बझर राउंडला ठेवा, नाहीतर लोक प्रश्न पूर्ण ऐकायच्या आधीच दाबत सुटतात. लेखी राउंडला नको.

प्रश्न: टाय झाला की टायब्रेकर कसला घ्यावा?

आकड्याचा घ्या, असा की अचूक उत्तर सहसा कोणाला माहीत नसतं पण अंदाज सगळ्यांना करता येतो, आणि जो जवळ तो जिंकला. युरी गागारिनचं १२ एप्रिल १९६१ चं अंतराळ उड्डाण किती मिनिटांचं होतं (१०८). अपोलो मोहिमांनी चंद्रावरून मिळून किती किलो दगडमाती आणली (३८२). राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण किती सेकंद टिकलं (१२). बदलत राहणारे आकडे, म्हणजे लोकसंख्या, फॉलोअर्स, सगळ्यात श्रीमंत माणसाची संपत्ती वगैरे, टायब्रेकरला कधीच घेऊ नका, प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा आकडा निघतो.

प्रश्न: घरच्या घरी सोडवायला थोडे प्रश्न द्या ना, नेहमीचे नकोत.

घ्या. क्रिकेटचा पहिला वर्ल्ड कप आधी पुरुषांचा झाला की महिलांचा? सगळ्यात जास्त टाइम झोन कोणत्या देशाचे? शंभर वर्षांचं युद्ध म्हणतात ते एकूण किती वर्षं चाललं? नेहमीच्या तापमानाला द्रव असणारी दोन मूलद्रव्यं कोणती? कोणत्या देशाचा राष्ट्रध्वज चौकोनी नाही? १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पहिल्या नंबरला कसलं पदक मिळायचं? १९०० हे लीप वर्ष होतं का? आणि जरा अवघड, सरासरी अंतर धरलं तर पृथ्वीला सगळ्यात जवळचा ग्रह कोणता?

आधी कागदावर लिहा, मग खाली बघा.

महिलांचा आधी, १९७३ मध्ये, पुरुषांचा १९७५ मध्ये. टाइम झोन फ्रान्सचे, १२, कारण त्याचे प्रदेश जगभर पसरलेत, रशिया ११ वर थांबतो. युद्ध ११६ वर्षांचं धरतात, १३३७ ते १४५३ (अधूनमधून तह होत होते, सलग लढाई नव्हती). पारा सगळ्यांना येतो, दुसरं ब्रोमीन. ध्वज नेपाळचा. पदक चांदीचं, पहिल्या नंबरला सोन्याचं द्यायला १९०४ पासून सुरुवात झाली. १९०० लीप नव्हतं, शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो, म्हणून २००० होतं आणि २१०० नसेल. आणि शेवटचं उत्तर शुक्र लिहिलं असेल तर चूक, शुक्र सगळ्यात जवळ येतो हे खरं पण तो सूर्याच्या पलीकडे गेला की खूप लांबही जातो, बुध मात्र सूर्याला चिकटून फिरत असल्यामुळे आपल्यापासून कधीच तितका लांब जात नाही, त्यामुळे सरासरी काढली की बुधच जवळचा ठरतो.